'निषेध' म्हणजे नक्की काय? ठराव लिहायचाय, शब्द अडलाय

पारावरची

नमस्कार मंडळी. एका शब्दापायी आमचा ठराव आठ दिवस खोळंबलाय, म्हणून हा धागा.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुनं वाचनालय आहे. मी त्याच्या कार्यकारिणीवर आहे. वाचनालयासमोर रस्त्याच्या कडेला वड होता. पंधरवड्यापूर्वी रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी तो रात्रीतून पाडला. सकाळी कुलूप उघडायला गेले तर बुंध्यातून पांढरा चीक गळत होता आणि पारावर भुशाचा बोटभर थर. रोज त्या पारावर पेपर वाचत बसणारे चार आजोबा रस्त्यापलीकडे उभे होते. कुणी काही बोलत नव्हतं. नगरपालिका हद्दीत झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, झाडावर नोटीस चिकटवावी लागते. आमच्या वडावर कागदाचा कपटाही नव्हता.

बैठकीत मी मसुदा वाचला: 'या वृक्षतोडीचा वाचनालय तीव्र निषेध करीत आहे.' आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. ते म्हणाले, "बाळ, निषेध म्हणजे मनाई. तोडून झालेल्या झाडाला मनाई कशी करणार?" मग कुणी 'खेद' सुचवला, कुणी 'निंदा', एक तरुण सभासद 'धिक्कार' वर अडून बसला. दोन तास गेले आणि बैठक तहकूब झाली.

तर विचारायचं असं: मराठीत निषेध या शब्दाचा अर्थ काय धरायचा? धिक्कार, निंदा, निषेध यांत फरक काय? आणि तुम्ही असतात तर काय लिहिलं असतंत? मला हा ठराव पोकळ नकोय.

---

अमरकोशी

गुरुजींचं संस्कृत चोख आहे. 'नि' उपसर्ग आणि 'सिध्' धातू मिळून निषेध. मूळ अर्थ परतवणं, रोखणं, मना करणं. मीमांसेत वेदवाक्यांचे पाच भाग सांगतात: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. हे कर म्हणतो तो विधी, हे करू नको म्हणतो तो निषेध. त्याचं ठरलेलं उदाहरण 'न कलञ्जं भक्षयेत्', कलंज खाऊ नये. (कलंज म्हणजे विषारी बाणाने मारलेल्या जनावराचं मांस असं कुणी म्हणतात, कुणी लाल लसूण म्हणतात.) 'विधिनिषेध' हा आपला रोजचा शब्द तिथलाच. 'त्याला काही विधिनिषेध नाही' म्हणतो तेव्हा आपण अजूनही जुनाच अर्थ वापरत असतो. 'निषिद्ध' मध्येही तोच.

पण मराठीत सुटा 'निषेध' आज त्या अर्थाने कुणी वापरत नाही. माझं मत असं की 'मनाई' हा अरबी-फारसीकडून आलेला शब्द आणि 'बंदी', या दोघांनी रोखण्याचं काम उचललं. मनाई हुकूम, दारूबंदी, जमावबंदी. निषेध मोकळा झाला आणि नापसंतीच्या कामाला लागला.

---

नागपूरकर

अमरकोशी, आमच्याकडे दोन्ही अर्थ एकाच भिंतीवर नांदतात. आमच्या कॉलनीत मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा टाकत, म्हणून मंडळाने पाटी लावली: 'येथे कचरा टाकणाऱ्यांचा जाहीर निषेध.' शेजारचे तिवारीजी मला म्हणाले, "बढ़िया किया भैया, निषेध लिख दिया." त्यांच्या लेखी तिथे कचरा टाकायला बंदी झाली होती. हिंदीत 'धूम्रपान निषेध', 'प्रवेश निषेध' असतं ना. आपल्याकडे तीच पाटी 'धूम्रपान मनाई', 'प्रवेश बंद'. तिवारीजींनी मग स्वतः उभं राहून दोघांना कचऱ्याच्या पिशव्या परत न्यायला लावल्या. आम्ही नुसती नापसंती लिहिली होती, मना त्यांनी केलं.

---

कृष्णाकाठ

निषेध. दुसरा शब्द शोधू नका.

---

बेळगावची माई

नागपूरकर, हद्द ओलांडली की शब्द कसा पालटतो ते आमच्याकडे बघायला या. कानडीत 'प्रवेश निषेधिसलागिदे' म्हणजे प्रवेशबंदी. आणि आपण ज्याला निषेध म्हणतो त्याला ते 'खंडने' म्हणतात. आपल्या मराठीत खंडन म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढणं, खंडन-मंडन मधलं. माझा नातू कानडी माध्यमात जातो आणि घरी मराठी पेपर वाचतो. 'गावकऱ्यांकडून निषेध' हा मथळा वाचून त्याने विचारलं, "आजी, गावकऱ्यांनी कशावर बंदी घातली?" मी अर्धा तास समजावत होते.

आमच्या गावाला मराठी अर्थ चांगला ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हापासून इथली मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. माझी सासू त्या दिवशी काळी चंद्रकळा नेसून फेरीत जायची. संक्रांतीला आणि १ नोव्हेंबरला, अशी वर्षातून दोनदाच ती पेटीतून निघे. निषेध हा शब्द मी वाचला त्याच्या आधी डोळ्यांनी पाहिलाय.

---

तळटीप

धिक्कार आणि निषेध यातला फरक मला असा वाटतो: निषेध कृत्याचा, धिक्कार माणसाचा. हल्ल्याचा निषेध, हल्लेखोराचा धिक्कार. वृक्षतोड हे कृत्य, म्हणून निषेध बरोबर. तोडणाऱ्याचं नाव घेणार असाल तर धिक्कार.

---

चळवळ्या काका

तळटीप, पटलं नाही. चाळीस वर्षं मोर्चांत घोषणा दिल्यात. 'निषेध असो, निषेध असो, अमक्या सरकारचा निषेध असो!' हे आम्ही लाख वेळा ओरडलोय, आणि सरकार हे कृत्य नव्हे, कर्ता आहे. धिक्कारही तसाच: 'दडपशाहीचा धिक्कार असो.' दडपशाही हे कृत्यच.

खरा फरक उष्णतेचा. निषेध डोकं थंड ठेवून करता येतो, कागदावर, काळी फीत लावून, तोंडाला पट्टी बांधून मुकाट्याने. धिक्काराला आवाज लागतो. मुका धिक्कार कधी ऐकलाय? मूक निषेध मात्र असतो.

---

अमरकोशी

काका, ही छान पकड आहे. शाळेत शिकलो तो नियम आठवा, धिक् च्या योगे द्वितीया: 'धिक् मूर्खम्'. धिक् हा मुळात उद्गार आहे, आपल्या 'छी' आणि 'थू' चा थोरला भाऊ. धिक्कार म्हणजे 'धिक्' असा आवाज करणं, जसा हुंकार, तसा. म्हणून त्याला तोंड लागतं.

---

तळटीप

'मूक निषेध' ला माझ्याकडे उत्तर नाही. माझं म्हणणं मागे घेतो, काका.

---

सिंधू_टोरोंटो

मला या संकेतस्थळांवरचा 'णिषेध' आठवला! इकडे बाहेर बर्फ, घरात ब्रेड, आणि इथे कुणीतरी उकडीच्या मोदकांवर तुपाची धार सोडलेला फोटो टाकतं. मग मी लिहिते, 'णिषेध, णिषेध, णिषेध!' त्याचा अर्थ 'मला का नाही' एवढाच. परक्या देशात माझी सगळ्यात जास्त माया याच शब्दातून जाते. हे वापरणं चूक आहे का?

---

कृष्णाकाठ

सिंधूताई, राग मानू नका, पण मला ते खुपतं. ज्या शब्दाने माणसं लाठ्या खायला गेली तो मोदकाला वापरला की वडासाठी काय उरतं?

---

मालवणातलो

कृष्णाकाठ, तसं नाही हो. माझी आजी दिवसभर 'जळ्ळं मेलं' म्हणायची. दूध उतू गेलं तर, नातू पहिला आला तर, पाऊस आला तर आणि नाही आला तरीही. पण ज्या दिवशी दलालाने काजूच्या वजनात तिला फसवलं, त्या दिवशी तिने त्याला खळ्यात उभं केलं, नुसतं 'ह्यां बरां नाय केलंस' म्हणाली आणि आत गेली. तो पुढच्या आठवड्यात पैसे देऊन गेला. शब्द स्वस्तात वापरला म्हणून तिचा वचक कमी झाला नव्हता. सिंधूताई, खुशाल लिहा. ते 'ण' काढलं की 'नि' जागेवर येतोच.

---

वकिली बाणा

धागा मोदकांवर गेलाय, तो जरा जमिनीवर आणतो. मी दिवाणी कामं करतो. 'निषेध' या शब्दाला रुपयांत किंमत असते हे मी माझ्याच घरात शिकलो.

१९७० च्या दशकात धरणात आमची बागायत गेली. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्याच्या कलम ३१ मध्ये अशी मेख होती की मोबदल्याची रक्कम कमी वाटत असेल, तर ती घेताना तसं सांगून घ्यायची. गुपचूप घेतलीत तर कलम १८ खाली कोर्टाकडे दाद मागायचा हक्क गेला. वकील त्याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. आमच्या गावातल्या बहुतेकांना हे कुणी सांगितलंच नाही. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, नोटा मोजायच्या, धोतराच्या सोग्यात बांधायच्या, की झालं.

आजोबा चौथी शिकलेले. शेजारच्या गावच्या मास्तरांनी त्यांना एक वाक्य पाठ करून दिलं होतं. पावतीवर सही करायच्या जागेच्या वर त्यांनी मोडक्या अक्षरात लिहिलं: 'रक्कम कमी आहे. निषेध नोंदवून घेतली.' कारकून म्हणाला, असलं काही लिहायचं नसतं, खोडा. आजोबा म्हणाले, "मग पैसे ठेवा तुमच्याकडेच." मागे रांग खोळंबली, कुरकुर सुरू झाली, शेवटी कारकुनाने पावती घेतली. दाव्याचा निकाल लागायला अकरा वर्षं गेली, पण वाढीव मोबदला मिळाला. त्याच रांगेत पुढे उभे असलेले आजोबांचे सख्खे चुलतभाऊ, त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून, माती तीच, विहीर तीच. त्यांना तेव्हा काही मिळालं नाही. ते आजोबांना म्हणायचे, "तुझ्या दोन शब्दांनी खाल्लं रे आम्हाला." आजोबांना याचं शेवटपर्यंत वाईट वाटायचं, की मी रांगेत मागे वळून ओरडून का नाही सांगितलं.

म्हणून माझ्या मते या शब्दाचं क्रियापद महत्त्वाचं. निषेध 'करणं' आणि निषेध 'नोंदवणं' यात फरक आहे. नोंदवायचा तर कागद, तारीख, सही आणि कशाबद्दल ते लागतं. पारावरची ताई, तुमच्या मसुद्यात यातलं काय काय आहे?

---

बेळगावची माई

वाचून डोळे भरले हो. तुमच्या आजोबांना नमस्कार.

---

सभावृत्त

नगरपालिकेत इतिवृत्त लिहिण्यात नोकरी गेली, म्हणून इतर शब्दांबद्दल थोडं. 'निंदा' ठरावात आलीच तर 'निंदाव्यंजक ठराव' अशी येते, आणि तो सहसा सभागृहातल्याच कुणाच्या वागणुकीबद्दल मांडतात. तुमच्या ठरावात ती बसणार नाही. हल्ली टीव्हीमुळे 'कडी निंदा' मराठीत घुसलीय. आपल्याकडे निंदा म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, 'निंदकाचे घर असावे शेजारी' मधलं. मोठा दुष्टावा घडला आणि त्याची 'निंदा' केली की मला चहाडी केल्यासारखं वाटतं.

'खेद' अजिबात नको. खेद आपल्या हातून चुकलं तर. वड तुम्ही तोडलेला नाही.

'निर्भर्त्सना' वडीलधाऱ्याने धाकट्याची करायची. 'ताशेरे' कोर्टाने ओढायचे. 'निषेध खलिता' एका देशाने दुसऱ्या देशाला पाठवायचा. ज्याचा त्याचा अधिकार ठरलेला आहे. निषेधाला मात्र अधिकार लागत नाही, कुणीही लहान माणूस कुणाही मोठ्याचा करू शकतो. मला हा शब्द म्हणूनच आवडतो.

---

चळवळ्या काका

सभावृत्त, अगदी बरोबर! ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंतप्रधान नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणं दाखवली. माझे वडील त्यात होते, वय वर्षं एकोणीस. आईच्या छत्रीचं कापड उसवून निशाण केलं होतं. ते सांगत, आदल्या दिवशी बजावलं होतं की दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त निशाण धरून उभं राहायचं. पंतप्रधानांसमोर एकोणीस वर्षांचं शेतकऱ्याचं पोर, हातात छत्रीचं कापड. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. छत्रीचे नुसते तार आजीने पुढे भोपळ्याच्या वेलाला लावले.

---

जुना पाटीवाला

मी कराडचा. बोर्ड रंगवण्यात आयुष्य गेलं, फ्लेक्स आले तेव्हा काम सुटलं. सगळे अर्थाचं बोलताय, मी अक्षराचं सांगतो.

मोर्च्याचे कापडी फलक रात्री व्हायचे. मांजरपाट जमिनीवर ताणायचा, चार कोपऱ्यांना विटा, खडूची दोरी मारून दोन रेघा, मग चपटा ब्रश. 'निषेध' लाल रंगात. 'षे' मधला पोटफोड्या ष ओढताना आडवी रेघ पोटातून आरपार जायला पाहिजे. ती अर्ध्यात थांबली तर लांबून 'प' दिसतो, आणि 'निपेध' वाचून लोक हसतात. 'निशेध' लिहून आणणारे तर किती आले. मी शाळेच्या पोरासारखं दुरुस्त करून द्यायचो.

आणि मी पैसे अक्षरावर घ्यायचो. गिऱ्हाईक कागद आणायचं: 'जाहीर, तीव्र, कडक शब्दांत त्रिवार निषेध.' मी अक्षरं मोजून भाव सांगितला की आधी 'कडक शब्दांत' जायचं, मग 'त्रिवार', मग 'तीव्र'. शेवटी 'निषेध' आणि पुढे कशाचा, एवढंच उरायचं. माझा अनुभव असा की तोच फलक लांबून वाचता येतो. अक्षरं मोठी येतात.

ताई, तुमच्या मसुद्यातलं 'तीव्र' काढा.

---

कृष्णाकाठ

पाटीवाले काका, वा. आणि सिंधूताई, मी जरा कडक बोललो. मोदकाचा फोटो मीच टाकतो गणपतीत, तुम्ही मनसोक्त लिहा.

---

सिंधू_टोरोंटो

आत्ताच णिषेध नोंदवून ठेवते. :)

---

नागपूरकर

एक सुचवू का? गुरुजींचा अर्थ टाकून का द्यायचा? झालेल्या तोडीची नापसंती लिहा आणि पुढच्या तोडीला मनाईही मागा. आमच्या तिवारीजींनी दोन्ही अर्थ एकत्र लावले म्हणून तो प्लॉट साफ राहिला.

---

पारावरची

मंडळी, तीन दिवसांनी लिहितेय. धाग्याची छापील प्रत काढून मी गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. सिंधूताईंच्या 'णिषेध' वर दोनदा थांबले, मग खळखळून हसले. वकील दादांच्या आजोबांपाशी मात्र कागद खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, "आमच्या रांगेतही असंच झालं होतं. मी तेव्हा सही करून आलो." त्यांची जमीन धरणात गेली होती हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग कागद ओढून त्यांनीच सांगायला सुरुवात केली, मी लिहून घेतलं. काल बैठकीत एकमताने मंजूर झाला तो ठराव असा:

'वाचनालयासमोरील वडाचे झाड रात्रीच्या वेळी, झाडावर कोणतीही नोटीस न लावता तोडण्यात आले. या कृत्याचा वाचनालय निषेध नोंदवीत आहे. झाड कोणाच्या आदेशाने व कोणत्या परवानगीने तोडले, याचे लेखी उत्तर वाचनालयास मिळावे. रस्त्याच्या उर्वरित भागातील सात झाडांना रीतसर परवानगीखेरीज हात लावण्यास मनाई करावी. पार होता त्या जागी नवा वड लावण्यास जागा सोडावी.'

खाली तारीख आणि अकरा सह्या. पहिली सही गुरुजींची. 'निषेध नोंदवीत आहे' हे शब्द त्यांचेच. पोच घेतली आहे, शिक्क्यासह.

धिक्कारवाला तरुण सभासद म्हणाला, ठराव फायलीत जाईल, पाराच्या जागी फलक पण हवा. त्याने फ्लेक्सवाल्याला फोन लावला होता, मी थांबवलंय. पाटीवाले काका, तुमचा हात अजून चालतो का?

---

वकिली बाणा

पोचेची झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुदा मी करून देतो.

---

जुना पाटीवाला

हात थोडा थरथरतो, पण सरळ रेघ अजून येते. मांजरपाट तीन मीटर आणून ठेवा, धुऊन, खळ काढून. लाल रंग माझ्याकडे आहे. रविवारी सकाळच्या एसटीने येतो. त्या पोराला थांबवून ठेवा, दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि ष कसा ओढायचा तेही त्याला दाखवतो.